ओडिनला मिडल-अर्थमध्ये आणताना

पुराणातला देव दुसऱ्याच्या काल्पनिक विश्वात आणायचा असेल, तर त्याची शस्त्रे आणि पराक्रम बाजूला ठेवून आधी दोन गोष्टी ठरवाव्यात: त्या विश्वात जीव कोण देतो आणि मेलेला माणूस कुठे जातो. उदाहरण म्हणून ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टॉल्किन याच्या मिडल-अर्थ या काल्पनिक विश्वात नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) पुराणातला ओडिन हा प्रमुख देव आणायचा आहे, असे धरू.

टॉल्किनच्या विश्वात निर्माता एकच, एरू इलुवातार. वालार हे देवतुल्य आत्मे आणि त्यांच्याहून कनिष्ठ मायार हे सृष्टी घडवण्यास हातभार लावतात, पण स्वतंत्र जीव देणे त्यांच्या हाती नाही. वालारांपैकी औलेने उतावीळपणे बुटके घडवले, तेव्हा इलुवातारने त्यांना स्वीकारीपर्यंत ती केवळ औलेच्या इच्छेने हलणारी बाहुली होती. याउलट तेराव्या शतकातल्या एडा या नॉर्स पुराणकथांच्या ग्रंथात ओडिन आणि त्याचे भाऊ समुद्रकिनारी सापडलेल्या दोन झाडांपासून पहिली माणसे घडवतात. दोन्ही गोष्टी एका कथेत खऱ्या ठरू शकत नाहीत. अशा वेळी यजमान विश्वाचा नियम पाळावा, ओडिनला मायारांपैकी एक करावे आणि झाडांची कथा ही त्याच्या भक्तांची समजूत मानावी.

पदवी उतरवली, तरी त्याच्या खुणा पुसू नयेत. आपल्याकडे खंडोबाला शंकराचा अवतार मानले गेले, पण त्याचा भंडारा, त्याचा कुत्रा आणि बाणाई कायम राहिली. तसाच ओडिनचा गमावलेला डोळा, त्याचे दोन डोमकावळे आणि झाडाला लटकून काढलेल्या नऊ रात्री कायम ठेवाव्यात.

त्याला उभे कुठे करायचे, हा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. १९४६ च्या एका पत्रात टॉल्किनने स्वतःच आपल्या गँडाल्फ या जादूगाराची तुलना भटक्या ओडिनशी केली होती. त्यामुळे हे दोघे एका प्रसंगात आले, की रुंद टोपीचे दोन म्हातारे एकमेकांकडे पाहत बसतात (माझ्या पहिल्या मसुद्यात नेमके हेच झाले). पूर्वेकडे गेलेल्या दोन निळ्या जादूगारांविषयी (हे जादूगारही मायारच) मुळात फारच थोडे लिहिलेले असल्याने, ओडिनला त्यांच्यापैकी एक करणे सोयीचे पडते.

मृत्यूच्या नियमात मात्र खरी कथा दडलेली आहे. टॉल्किनची माणसे मेल्यावर जगाबाहेर जातात आणि कुठे जातात, हे बहुतेक वालारांनाही ठाऊक नसते. मग वीरगती मिळालेल्यांना वल्हाला या आपल्या दालनात नेण्याचे ओडिनचे वचन पोकळच ठरते. ही पोकळी झाकण्यासाठी नवा परलोक रचू नये, तिच्यावरच प्रसंग उभा करावा:

‘बाकावर तुझी जागा राखली आहे,’ ओडिन म्हणाला. पोराने समाधानाने डोळे मिटले. खांद्यावरच्या कावळ्याने चोच उघडली आणि काहीच न बोलता मिटली. वीस लढाया झाल्या, तरी त्याने त्या दालनात कोणी बसलेले पाहिले नव्हते.