काल्पनिक राष्ट्रासाठी हलके जेट प्रशिक्षण आणि हल्ला विमान कसे रचावे

कथेतील किंवा खेळातील राष्ट्रासाठी विमान रचताना बहुतेक जण आधी वेग ठरवतात आणि लगेच चित्र काढायला बसतात. त्याऐवजी त्या देशाच्या वायुदलाला काय परवडते, हे आधी लिहून काढावे. कारण वैमानिक घडवणे आणि जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करणे ही दोन्ही कामे एकाच विमानावर सोपवण्यामागे बहुधा काटकसरच असते.

इंजिनाचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा. जेट इंजिन स्वतः बनवू शकणारे देश थोडेच आहेत. १९६८ मध्ये पहिले उड्डाण केलेल्या चेकोस्लोव्हाकियाच्या एल-३९ विमानाला सोव्हिएत बनावटीचे इंजिन होते, तर १९७४ मध्ये उडालेल्या ब्रिटिश हॉक विमानात जग्वार या हल्ला विमानातील ब्रिटिश-फ्रेंच अडूर इंजिनाचीच आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून जोर वाढवणारा भाग) नसलेली आवृत्ती बसवलेली होती. आपल्या राष्ट्राला इंजिन कोण पुरवतो, हे ठरले की त्याचे मित्र, शत्रू आणि सुट्या भागांची टंचाई आपोआप ठरत जाते.

आसने एकामागे एक ठेवून मागचे आसन उंच करावे, म्हणजे प्रशिक्षकाला विद्यार्थ्याच्या डोक्यावरून धावपट्टी दिसते. शेजारी-शेजारी आसने असली तर विद्यार्थ्याचे हात दिसतात, पण विमानाचे नाक रुंद होऊन हवेचा रोध वाढतो.

खरी परीक्षा वजनाच्या हिशोबात असते आणि काल्पनिक विमाने नेमकी येथेच फसतात. समजा, रिकाम्या विमानाचे वजन ३,२०० किलो आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ५,००० किलो आहे. दोन वैमानिकांचे साहित्यासह २०० किलो आणि पूर्ण इंधनाचे ९०० किलो धरले, तर शस्त्रांसाठी ७०० किलोच उरतात. माहितीपत्रकात १,००० किलो शस्त्रभार लिहायचा असेल, तर ३०० किलो इंधन कमी भरावे लागेल आणि पल्ला घटेल. मागचे आसन रिकामे ठेवले, तर त्यातले सुमारे १०० किलो परत मिळतील. कमाल शस्त्रभार आणि कमाल पल्ला हे दोन्ही आकडे एकाच मोहिमेला लागू होतील असे कधीही लिहू नये.

तोफ विमानाच्या अंगात कायमची बसवली, तर प्रत्येक प्रशिक्षण उड्डाणात तिचे वजन विनाकारण वाहावे लागते. म्हणून हॉकप्रमाणे पोटाखाली काढता-घालता येणारा ३० मिमी तोफेचा पॉड (बाहेरून टांगायची पेटी) द्यावा. रडार सहसा वगळावे.

रंगसंगती शेवटी ठरवावी. हल्ला स्क्वाड्रनसाठी भूभागाशी मिळताजुळता छद्मरंग योग्य ठरेल. प्रशिक्षण विमाने मात्र आकाशात सहज दिसली पाहिजेत, आणि ब्रिटिश वायुदलाने आपली प्रशिक्षण हॉक विमाने चकचकीत काळ्या रंगात रंगवली ती याच कारणाने.