दोन नटांचा शेगडा

आमचे वडील खानापूर तालुक्यात सुतारकी करायचे. नांगर, कुळव, दारं, चौकटी, सगळं जमिनीवर बसून. लाकूड ते पायानं धरायचे; एका टाचेखाली फळी दाबली की ती हलायची नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात लेथवर ३० वर्षं काढली आणि आता परत लाकडाकडं आलोय, पण गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत. टेबलावर काम करायचं तर फळी धरणारं काहीतरी पाहिजे. कूस (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारी जीभ) कापताना फळी थरथरली की करवत रेषा सोडते आणि जोड सैल होतो. सैल कूस पाचर मारून घट्ट केलेली मला बघवत नाही.

म्हणून हा शेगडा. लोखंडी व्हाइसपेक्षा वेगळा: दोन लांब लाकडी जबडे, दोन टोकांना दोन रॉड, आणि मधे १६ इंच मोकळी जागा. रुंद फळी उभी धरून डव्हटेल (पारव्याच्या शेपटीच्या आकाराचा जोड) कापायला यासारखं दुसरं काही नाही. लोखंडी व्हाइसचा स्क्रू मधे येतो, त्यामुळं फळी कडेला धरावी लागते आणि जबडा तिरका होतो.

लाकूड जुनं घ्या. आमच्याकडं जुनी घरं उतरवतात तेव्हा सागवानी चौकटी, तुळया निघतात. ५० वर्षं छपराखाली वाळलेलं ते लाकूड पावसाळ्यात नव्या लाकडाइतकं वेडंवाकडं होत नाही. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला हे सांगायला नको. आंबा घेऊ नका, मऊ असतो आणि किडा लागतो. ऐन (कन्नडवाले मत्ती म्हणतात) भक्कम, पण वाळताना चिरतो. घेणार असाल तर चांगला वाळलेलाच घ्या. तुळईतले खिळे आधी शोधून काढा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच.

मागचा जबडा ३० इंच लांब, ६ इंच उंच, अडीच इंच जाड. पुढचा २४ इंच लांब, तेवढाच उंच, २ इंच जाड. मागचा लांब ठेवायचा कारण दोन्हीकडं तीन-तीन इंच बाहेर राहतात, तिथं सी क्लॅम्प लावून तो टेबलाला आवळायचा. दोन्ही जबडे गुण्यात (काटकोनात) रंधून घ्या.

रॉड मी २० मिलिमीटरचा, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो तो आट्यांचा रॉड घेतला. लेथवर चौकोनी आटे काढणं मला अवघड नव्हतं, पण त्याची गरज नाही. या रॉडला एका फेऱ्यात अडीच मिलिमीटर चाल असते, आणि एकाच जाडीच्या फळ्या कापताना अर्धा फेरासुद्धा पुरतो. दहा-दहा इंचांचे दोन तुकडे करा. कापायच्या आधी रॉडवर एक नट चढवून ठेवा. कापून झाल्यावर तो उलटा फिरवून काढला की टोकाचे आटे साफ होतात.

आता भोकं. दोन्ही जबडे एकत्र आवळून, पुढच्याच्या टोकांपासून साडेतीन इंचांवर, २० मिलिमीटरचं भोक एकदमच आरपार पाडा. वेगवेगळी पाडली तर पुढचा जबडा रॉडवर अडकतो. ड्रिल स्टँड नसेल तर एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन पाडून आणा, पण हातानं अंदाजे पाडू नका. नंतर फक्त पुढच्या जबड्याचं भोक कानशीनं आडवं २६ मिलिमीटरपर्यंत आणि उभं २२ पर्यंत वाढवा. त्यामुळं निमुळती फळीसुद्धा धरता येते.

रॉड फिरत नाही, तो मागच्या जबड्यात पक्का बसतो. पुतण्यानं पहिल्यांदा बघून विचारलं, "काका, रॉड फिरना की ओ, मग धरतंय कसं?" पुढं नट फिरतो आणि जबडा ढकलतो, एवढंच. मागच्या जबड्याला पाठीमागून नटाच्या आकाराची खाच करा: रॉडवर नट चढवून लाकडाला टेकवा, टोकदार सुरीनं भोवती रेघ मारा, मग पटाशीनं नट बुडेल एवढं खोल करा. याच जबड्याच्या पुढच्या तोंडालाही तसंच, पण तिथं पातळ नट घ्या आणि तो तोंडाच्या आत बुडाला पाहिजे. दोन्ही नट एकमेकांविरुद्ध आवळले की रॉड हलत नाही.

पुढच्या जबड्याच्या बाहेरून लांब नट आणि जाड वॉशर. नटाला १२ मिलिमीटर सळईचे चार-चार इंचांचे दोन दांडे वेल्ड करून घ्या. जस्ताचा मुलामा असलेला नट वेल्डिंगला देऊ नका, तो धूर वाईट असतो; साधा काळा नट मागा.

यापुढचं काम पहिल्या खेपेला मला माहीत नव्हतं. तो शेगडा मी एक इंची प्लायचा केला होता. ड्रॉवरची बाजू लावली, दोन्ही टोकं जोरात आवळली, आणि जबडा मधे बाहेर फुगला. टोकांना करकचून, मधे सैल. पटाशी मारताना फळी घसरली आणि डाव्या अंगठ्याच्या बुडाला तीन टाके पडले. म्हणून जाड लाकूड, आणि पुढच्या जबड्याच्या आतल्या तोंडाला मधे पोट. मधला भाग तसाच ठेवून टोकांकडं रंधा मारत जा. जबडे नुसते टेकवले की मधे टेकले पाहिजेत आणि दोन्ही टोकांना दोन पोस्टकार्डं एकावर एक सरकतील एवढी फट राहिली पाहिजे. आवळल्यावर ती फट मिटते आणि दाब मधेही तेवढाच पडतो. तपासायला एक रुंद फळी लावा आणि जबड्याच्या बाजूनं तीन ठिकाणी कागदाच्या पट्ट्या घाला. एकही ओढून निघता कामा नये. निघाली तर परत रंधा. या कामात घाई करू नका, मला यात एक अख्खी दुपार गेली.

पुढच्या जबड्याच्या तोंडाला चामडं चिकटवा. अथणी-निपाणीकडं कोल्हापुरी चपला करणाऱ्यांकडं तुकडे मिळतात. ते बाभळीच्या सालीनं, हिरड्यानं कमावलेलं असतं, कडक आणि चिवट. खरखरीत बाजू बाहेर ठेवा. याच्यामुळं फार न आवळताही फळी घसरत नाही आणि सागवानावर वळ उठत नाही.

टेबलावर बसवताना मागच्या जबड्याचं तोंड टेबलाच्या कडेच्या केसभर बाहेर ठेवा. पुढचा जबडा कडेबाहेर लोंबता राहतो, म्हणजे लांब फळी खाली जमिनीपर्यंत जाते. टेबल ३० इंची असेल तर जबड्याची वरची कड ३६ इंचांवर येते. करवतीला कमरेत वाकावं लागत नाही.

आटे ग्रीसनं ओले ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगून रॉड पुढच्या भोकात घासायला लागला तर लगेच कानस मारू नका, दिवाळीपर्यंत थांबा, बहुतेक वेळा आपोआप मोकळा होतो. मी दर खंडेनवमीला सगळं उघडतो, जुनं ग्रीस रॉकेलनं धुतो, नवं लावतो, आणि मग वडिलांच्या वाकसाशेजारी (लाकूड तासायचं हत्यार) हा शेगडा पूजेला ठेवतो.