अंगणवाडीचा गरम ताजा आहार: पंचवीस मुलांचं माप, पाणी आणि हिशेब

बचत गटाला अंगणवाडीच्या आहाराचं काम मिळालं की पहिली चर्चा होते ती काय शिजवायचं याची. ते बहुतेक ठरलेलंच असतं. आठवड्याच्या पाककृतींचा तक्ता बाल विकास प्रकल्प कार्यालयाकडून येतो, त्यात बदल हवा असेल तर मुख्य सेविकेमार्फत (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेमार्फत) लेखी विचारायचं. घोळ होतो तो मापात आणि सगळ्यात जास्त पाण्यात. पातेलं काठोकाठ भरलेलं, वाटपही वेळेवर झालेलं, तरी मुलाच्या पोटात ठरल्याच्या निम्मंच अन्न गेलं, असं पातळ खिचडीमुळे सर्रास होतं.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या मूळ तक्त्यात (तो जानेवारी २०२३ मध्ये बदलला) ३ ते ६ वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं ठरवली होती. सकाळची न्याहारी आणि गरम जेवण मिळून हा आकडा होता. वर्षातून ३०० दिवस आहार द्यायचा असतो. केंद्राने २०१७ मध्ये ठरवलेला खर्च मुलामागे रोज ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलाला १२ रुपये आणि गरोदर व स्तनदा मातेला ९ रुपये ५० पैसे. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, निम्मा राज्याचा. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना शिधा घरी नेण्यासाठी मिळतो, तो तुमच्या चुलीवरचा विषय नाही. म्हणजे ३ ते ६ वयोगटातली २५ मुलं हजर असतील तर हातात २०० रुपये. त्यात किराणा, भाजी, इंधन यातलं काय काय धरलंय, ते सध्याच्या दरपत्रकात वाचून घ्या आणि त्या कागदाची झेरॉक्स गटाच्या फायलीत लावा. तोंडी सांगितलेल्या दरावर महिनाभर शिजवू नका.

आधी माप

एका मुलाचं एका दिवसाचं कच्चं माप असं धरा: तांदूळ ५५ ग्रॅम, मूगडाळ किंवा तूरडाळ २० ग्रॅम, तेल ६ ग्रॅम, भाजी २५ ग्रॅम. याची खिचडी साधारण ३२० कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिनं देते. न्याहारीला शेंगदाणे २५ ग्रॅम आणि गूळ १५ ग्रॅम, यातून १८० च्या आसपास कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं. बेरीज ५०० ला पोचते, प्रथिनंही १५ पर्यंत जातात. तुमच्या तक्त्यात वेगळं माप दिलेलं असेल तर तेच पाळा. मात्र बेरीज एकदा स्वतः करून बघा.

पंचवीस मुलांना हेच माप १ किलो ३७५ ग्रॅम तांदूळ, अर्धा किलो डाळ, दीडशे ग्रॅम तेल, ६२५ ग्रॅम भाजी, ६२५ ग्रॅम शेंगदाणे आणि ३७५ ग्रॅम गूळ होतं.

रोज तराजू काढायला वेळ नसतो, म्हणून एक स्टीलचा पेला फक्त या कामाला ठेवा. किराणा दुकानात काट्यावर पाव किलो तांदूळ तोलून त्यात ओता आणि जिथपर्यंत भरला तिथे आतून खिळ्याने ओरखडा मारा. डाळीची खूण वेगळी करा. शेंगदाण्याला तर वेगळा पेलाच हवा, कारण त्याच मापात दाणे वजनाने कमी बसतात. मापट्याने सगळं सारखं मोजायची घरची सवय इथे उपयोगी नाही. तेलालाही माप ठेवा. फोडणीत अंदाजाने ओतलेलं तेल महिनाअखेरीस एक तर दहा दिवस आधीच संपतं, नाहीतर उरतं. उरलं तर मुलांच्या वाट्याच्या कॅलरी उरल्या, असं समजा. सहा ग्रॅम तेलात ५४ कॅलरी असतात, एवढ्याशा जागेत एवढी ताकद दुसऱ्या कशात नाही.

खिचडी

तांदूळ आणि मूगडाळ एकत्र निवडून, दोन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजत घाला. जाड बुडाचं बारा लिटरचं पातेलं घ्या. पातळ ॲल्युमिनियमचं असेल तर खाली लोखंडी तवा ठेवा, नाहीतर बुडाला लागणार हे नक्की. फोडणीत मोहरी, जिरं, हळद, कढीपत्ता आणि चिरलेला कांदा घाला. येसर, काळा मसाला, लाल तिखट यातलं काही नको. आपल्याकडच्या तिखटाची सवय मोठ्यांना असते, तीन वर्षांचं लेकरू दोन घास खाऊन पाणी पिऊनच पोट भरतं. गाजर, दुधी, भोपळा, टोमॅटो बारीक चिरून आत, मग निथळलेले डाळ-तांदूळ दोन मिनिटं परता.

आता पाणी. डाळ-तांदळाच्या वजनाच्या तिप्पट, म्हणजे या पातेल्याला साडेपाच ते सहा लिटर, तेही उकळतं. शिजून साडेसात-आठ किलो खिचडी होते आणि मुलामागे ३०० ग्रॅमच्या आसपास येते. आठ लिटर ओतलं तर तीच खिचडी पावणेदहा किलो दिसेल. वाढणारीला बरं वाटेल, पण त्याच ३०० ग्रॅममध्ये २५० च्या आतच कॅलरी उरतील आणि मूल जास्त खाऊ शकत नाही, कारण त्याचं पोटच तेवढं. खिचडी डावातून ओघळता कामा नये, गोळा होऊन पडायला हवी.

पालक, मेथी, तांदुळजा किंवा शेवग्याचा पाला शेवटच्या पाच मिनिटांत घाला. गॅस बंद करून झाकण ठेवा, दहा मिनिटं मुरू द्या. ताटात लिंबाचे चार थेंब टाकले तर डाळ-पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. मीठ आयोडीनचंच, आणि डबा झाकलेला.

डाळ शिजतच नाही ही तक्रार मराठवाड्यात जागोजागी आहे. बोअरचं पाणी जड असतं, त्यातले क्षार डाळीचं साल आणि पेशी कडक धरून ठेवतात. डाळ वर्षभर जुनी असेल तर आणखी वाईट. तूरडाळ तासभर भिजवा, शिजेपर्यंत मीठ, चिंच, टोमॅटो घालू नका आणि जमलं तर डाळीपुरतं आडाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. सोड्याची चिमूट टाकायचा मोह टाळा, डाळ गळते पण ब जीवनसत्त्व जातं. डाळ कुकरला लावत असाल तर कुकर अर्ध्याहून जास्त भरू नका. फेस शिट्टीच्या नळीत अडकतो आणि अपघात तिथेच होतात.

न्याहारीचा लाडू

शेंगदाणे अख्खे देऊ नका. चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात दाणा किंवा फुटाणा अडकू शकतो, आणि हसता-पळता खाणाऱ्या मुलांमध्ये हा धोका मोठा आहे. दाणे मंद भाजा, सालं पाखडून काढा, जाडसर कूट करा, किसलेला गूळ मिसळून पाट्यावर किंवा मिक्सरला एकदा फिरवा. दाण्याचं तेल सुटलं की पाक न करताच लाडू वळतात. प्रत्येकी वीस ग्रॅमचे दोन लाडू. निवडताना काळपट, हिरवट, आकसलेले आणि बुरशीचा वास येणारे दाणे फेकाच. भाजून चव कडवट लागली तर तो घाणा मुलांना नाही. बुरशीतलं विष भाजल्याने पुरतं जात नाही.

इथे पैशाचं गणित अडतं. दाणे किलोला १२० रुपये धरले तर पंचवीस ग्रॅमचेच ३ रुपये होतात, आठातले तीन. दोन दिवस फुटाण्याच्या पिठाचे गुळाचे लाडू केले तर हात मोकळा होतो, प्रथिनंही जवळपास तेवढीच राहतात. कॅलरी मात्र चाळीसेक घटतात, म्हणून त्या दिवशी खिचडीत मुलामागे तेल चार-पाच ग्रॅम जास्त.

बाकीचे दिवस

ज्वारीच्या कण्या हा आपल्या घरचाच पदार्थ आणि तांदळाच्या तुलनेत प्रथिनं थोडी जास्त. ज्वारी गिरणीतून भरडून आणा, रात्री भिजवा, शिजवून वरून घट्ट वरण द्या. वरण पातळ केलं की तो दिवस फुकट. मटकी, चवळी, हुलगे यांची उसळ करायची तर आठ तास भिजवून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, जास्त ठेवलं की चिकट होऊन आंबूस वास येतो. तसा मोड धुऊन वापरायचा नाही, टाकून द्यायचा. चांगला मोडही लहान मुलांना कच्चा देऊ नका. सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) करायला सोपी, मुलांना आवडते, पण ३० ग्रॅम चुरमुऱ्यात शंभर-एक कॅलरी असतात. तिला जेवण म्हणून खपवू नका, न्याहारीपुरतीच ठेवा आणि त्यात डाळवं, दाण्याचं कूट सढळ घाला.

तूरडाळ सुटी घेत असाल तर लाखेच्या डाळीची भेसळ बघा. तुरीची डाळ गोलसर, लाखेची तिरकी, कोनेदार असते. लाख दीर्घकाळ खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात.

पाणी, ऊन आणि शिळं

टँकरचं पाणी आलं की ते थेट पिपात आणि पिपातून पातेल्यात, असं करू नका. गाळून घ्या, क्लोरीनचं औषध बाटलीवरच्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा. पिण्याचं पाणी वेगळ्या, झाकणाच्या भांड्यात, दांडीच्या ओगराळ्यासह. मुलांचे हात साबणाने धुवायला ठेवलेलं पाणी टंचाईत पहिलं कापलं जातं, आणि जुलाब नेमके तिथून सुरू होतात. भांड्यांचं कमी करा, हात धुण्याचं नको.

शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत संपलं पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात त्याहून लवकर. भात-खिचडीतले काही जंतू शिजवूनही तग धरतात, कोमट राहिलेल्या अन्नात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्यामुळे उरलेलं दुसऱ्या दिवशी नाहीच. मुलांना वाढायच्या अर्धा तास आधी गटातली एक आणि सेविका ताई किंवा एखादी आई, अशा दोघींनी चव घ्यायची आणि वहीत सही करायची.

उरू नये याचा साधा उपाय म्हणजे पटावरची नव्हे, हजर डोकी मोजणं. लाडू वाटतानाच किती मुलं आली हे कळतं. तोपर्यंत डाळ-तांदूळ मागच्या आठवड्याच्या सरासरीने भिजवलेले असू द्या, पाणी आणि फोडणी मोजणी झाल्यावर.

अशक्त मूल

दंडाच्या घेराची पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दाखवत असेल तर ते मूल तीव्र कुपोषित. त्याला २०१३ च्या मूळ तक्त्यात रोज ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं ठरवली होती. एकाच ताटात दीडपट वाढून ही भर पडत नाही, कारण अशा मुलाला भूकच कमी असते. थोडं थोडं, जास्त वेळा द्या: आणखी एक जोडी लाडू, केळं, उकडलेलं अंडं, वाटीत वरून चमचाभर तेल किंवा तूप. भूक अजिबात नसेल, पायावर सूज असेल किंवा ताप असेल तर ताटावर वेळ घालवू नका, आशा ताईंना सांगून आरोग्य केंद्रात पाठवा.

कोयत्याचा हंगाम आणि कागद

बीड आणि शेजारच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांत दिवाळीच्या सुमारास घरं ऊसतोडीला निघाली की पट निम्म्यावर येतो, ऊसतोड संपली की मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा भरतो. ऑक्टोबरात सहा महिन्यांचा किराणा भरू नका, तांदळाला सोंडे आणि डाळीला भुंगे लागतील. पंधरा दिवसांचाच माल घ्या, आधीचा डबा रिकामा झाल्याशिवाय नवीन त्यात ओतू नका. टोळी निघायच्या आधी सेविका ताईंना सांगून त्या मुलांची पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींच्या मोबाइल ॲपवर) स्थलांतराची नोंद करून घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या अंगणवाडीत नाव सापडतं. गावात आजीपाशी राहिलेल्या मुलांकडे या काळात जास्त लक्ष हवं, त्यांचं वजन याच महिन्यांत उतरतं.

बिल अडतं ते बहुतेक तीन आकडे न जुळल्यामुळे: हजेरीपटातली संख्या, ट्रॅकरवरची संख्या आणि साठा वहीतला खर्च. रोज संध्याकाळी या तिन्हीवर नजर टाका, महिनाअखेरीस जुळवायला बसलात तर जुळत नाही. साठा वहीत आरंभीची शिल्लक, आलेला माल, वापर आणि अखेरची शिल्लक ग्रॅमात लिहा, कारण तांदळाचा वापर भागिले ५५ ग्रॅम केलं की खिचडीच्या दिवसांची हजेरी निघाली पाहिजे. किराण्याची पावती गटाच्या नावाची आणि तारखेची असावी. पैसे उशिरा येतात हे धरून महिनाभराच्या किराण्याइतकी रक्कम गटाच्या खात्यात बाजूला ठेवा. उधारीवर माल घेतला की दुकानदार देईल ती डाळ घ्यावी लागते.