मोबाइलचं नेट घरभर वाटताना या चुका टाळा

"नेट चालंना" असा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, कुठलं नेट? समोरचा गोंधळतो. नेट म्हणजे नेट, त्यात कुठलं काय? पण निम्म्या चुका इथेच जन्माला येतात.

साताऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. ज्यांच्या बोळात फायबर आलेलं नाही, किंवा भाड्याच्या घरात घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, अशी बरीच घरं मोबाइलच्या सिमवर चालतात. फोनचा हॉटस्पॉट, नाहीतर सिम घालायचा राउटर, आणि त्यावर दोन लॅपटॉप, एक जुना डेस्कटॉप, एक प्रिंटर. या व्यवस्थेत नेटला दोन पल्ले पार करावे लागतात. पहिला टॉवरपासून सिमपर्यंत, दुसरा सिमवाल्या यंत्रापासून वायफायने कॉम्प्युटरपर्यंत. लॅपटॉपच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या वायफायच्या काड्या फक्त दुसऱ्या पल्ल्याचं सांगतात. काड्या पूर्ण आणि नेट ठप्प, यात आश्चर्य काहीच नाही. टॉवरची रेंज रडत असेल तर वायफाय बिचारं काय वाटणार?

म्हणून काहीही बदलायच्या आधी स्पीड टेस्ट तीनदा करा. एकदा हॉटस्पॉट देणाऱ्या फोनवरच. सिम राउटरमध्ये असेल तर ते काढून फोनमध्ये घाला, फोन राउटरच्याच जागी धरा आणि त्याचं वायफाय बंद ठेवा. दुसऱ्यांदा सिम परत जागेवर घालून, लॅपटॉप त्या यंत्रापासून हातभर अंतरावर ठेवून. तिसऱ्यांदा लॅपटॉप नेहमीच्या जागी नेऊन. पहिलाच आकडा पडलेला असेल तर दुखणं टॉवरच्या बाजूचं. पहिला चांगला आणि दुसरा वाईट असेल तर फोनचं, राउटरचं किंवा लॅपटॉपचं वायफाय तपासा. तिसराच तेवढा कोसळला तर भिंती. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोक ते सोडून आधी नवा राउटर विकत आणतात.

राउटर कुठे ठेवला आहे?

मंगळवार पेठेत माझ्या मावशीचं घर आहे. दगडी जोतं, हातभर जाडीच्या भिंती, माजघरात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. तिथे एमपीएससीची तयारी करणारा भाचा राहतो, काकांचा हिशेबाचा डेस्कटॉप आहे आणि मावशी स्वतः लॅपटॉपवर शिकवण्या घेते. सिमचा राउटर कुठे, तर देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात. वर क्रोशाचा रुमाल.

"मावशी, हा इथे का ठेवलाय?"

"अरे, घराच्या मधोमध आहे ना! सगळ्यांना सारखं मिळेल. तूच म्हणाला होतास, राउटर मधोमध ठेवायचा."

म्हणालो होतो खरा, पण फायबरच्या राउटरबद्दल. त्याला नेट वायरने येतं, मग तो मधोमध ठेवला तर बिघडत नाही. सिमच्या राउटरला नेट हवेतून ओढून घ्यावं लागतं. त्याला आधी खिडकी, मग घराचा मध्य.

राउटरच्या पानावर सिग्नलचा आकडा दिसतो. ब्राउझरमध्ये सहसा १९२.१६८.१.१ टाकलं की ते पान उघडतं. पत्ता वेगळा असेल तर यंत्राच्या पोटाला चिकटवलेल्या कागदावर असतो. कोनाड्यात आकडा होता उणे ११४ डीबीएम (हे सिग्नलच्या ताकदीचं माप). राउटर उचलून माडीवरच्या रस्त्याकडच्या खिडकीत नेला, तर उणे ९१. ऐकायला फरक २३ चा वाटतो, पण हे मोजमाप साधं नाही. दर ३ डीबीला ताकद दुप्पट होते, म्हणजे २३ च्या फरकाला सिग्नल जवळपास २०० पट झाला. उणे ९० च्या अलीकडे, म्हणजे शून्याच्या बाजूला असेल तर छान, उणे ११० च्या पलीकडे गेला की रडतखडत. काड्या मोजू नका, हा आकडा बघा. अँड्रॉइड फोनमध्ये तो बहुधा सेटिंग्जमधल्या 'अबाउट फोन'च्या आत, सिम स्टेटसमध्ये मिळतो. फोन हातात घेऊन एकेका खिडकीशी मिनिटभर थांबा. साताऱ्यात एका बाजूला अजिंक्यतारा, दुसरीकडे यवतेश्वरचा डोंगर. त्यामुळे एकाच घराच्या दोन खिडक्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. समोर टॉवर दिसतो म्हणून तीच खिडकी धरायची असंही नाही. तो टॉवर दुसऱ्याच कंपनीचा असेल.

रुमाल मात्र निर्दोष सुटला. सुती दोऱ्याला रेडिओ लहरी जुमानत नाहीत. तरी तो काढायला लावला, कारण यंत्र तापत होतं. लहरींना खरा अडथळा लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी आणि जाड भिंत यांचा.

आता राउटर माडीवर गेला आणि माजघरात वायफाय पोचेना. इथे लोक पुढची चूक करतात: जिथे वायफाय येत नाही तिथेच रिपीटर, म्हणजे वायफाय ऐकून पुढे पाठवणारं यंत्र, लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? रिपीटर लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, जिथे वायफाय अजून धड मिळतंय तिथे. शिवाय एकाच बँडवर (वायफायच्या एकाच लहरपट्ट्यावर) घेणारा आणि देणारा स्वस्त रिपीटर वेग निम्म्यावर आणतो. मला विचाराल तर मी वायर टाकेन. लॅनची वायर १०० मीटरपर्यंत चालते, आणि माळ्यावर पडलेला जुना राउटर खालच्या टोकाला लावता येतो.

पण तो लावतानाही घोळ होतो. वायर सवयीने जुन्या राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरचं नेट घ्यायच्या, सॉकेटमध्ये जाते. नेट चालतं, पण घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. माडीवर लावलेल्या डेस्कटॉपला माजघरातला प्रिंटर दिसत नाही, आणि दोष प्रिंटरच्या माथी जातो. वायर लॅन, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या, सॉकेटमध्ये लावली पण जुन्या राउटरचा डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) चालूच राहिला, तर दोन राउटर दोन पाहुण्यांना एकच खोली देतात. कधी चालतं, कधी नाही. बरोबर पद्धत अशी: आधी जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचा डीएचसीपी बंद करा, आणि मग दोन्हीकडे लॅन सॉकेटमध्येच वायर लावा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर जुन्यालाही त्याच मालिकेतला, दुसऱ्या कुणाला न दिलेला पत्ता द्या.

फोन घराबाहेर, नेट घराबाहेर

एका घरात रोज संध्याकाळी सहाला नेट जायचं. मुलं म्हणायची, टॉवरला प्रॉब्लेम आहे. प्रॉब्लेम एवढाच होता की हॉटस्पॉट वडिलांच्या फोनवर होता आणि वडील सहाला पोवई नाक्यावर भाजी आणायला जात. घराचं नेटही पिशवीसोबत जायचं.

एखाद्या दिवसापुरता फोनचा हॉटस्पॉट ठीक आहे. रोज आठ-दहा तास चार्जरला लावून तो चालवला की फोन तापतो, आणि कायम उष्णतेत भरलेली बॅटरी फुगते. पाठीचं झाकण उचललेले फोन माझ्या टेबलावर येतात, त्यातल्या बऱ्याच जणांची कहाणी हीच असते. कायमचं वापरायचं असेल तर सिमचा राउटर घ्या.

हॉटस्पॉटचं नाव जुन्या लॅपटॉपवर दिसतच नाही, ही तक्रारही नेहमीची. फोन ५ गिगाहर्ट्झवर बोलत असतो आणि लॅपटॉपला फक्त २.४ कळतं. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदला. आयफोनवर 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करा. भिंतींमधून २.४ जास्त दूर जातं, ५ वेगवान पण जवळच्यांसाठी. दर थोड्या वेळाने हॉटस्पॉट आपोआप बंद पडत असेल, तर अँड्रॉइडमध्ये 'कुणी जोडलेलं नसेल तर बंद करा' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो बघा. नाव दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी जुना प्रिंटर जोडला जात नसेल तर वायफायच्या सुरक्षेचा प्रकार नव्या डब्ल्यूपीए३ वरून जुन्या डब्ल्यूपीए२ वर आणून बघा. पासवर्डच काढून टाकायचा उपाय मात्र नको. शेजारची पोरं हुशार असतात.

डेटा गेला कुठे?

"सकाळी दहालाच दोन जीबी संपले, कंपनी चोरते," असं म्हणत येणाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये चोर सापडतो. विंडोजचं अपडेट, वनड्राइव्हचं सिंक, फोटोंचा बॅकअप. फायबरवर हे सगळं गुपचूप होऊन जातं आणि कळतही नाही. सिमवर रोजचा कोटा असतो. विंडोजमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू केलं की बहुतेक अपडेट थांबून राहतात. हे प्रत्येक कॉम्प्युटरवर करावं लागतं. वायफायचं नाव बदललं तर पुन्हा करावं लागतं, आणि इथेच लोक विसरतात.

कोटा संपला की अनेक प्लॅनमध्ये नेट बंद होत नाही, ६४ केबीपीएसवर येतं. त्या वेगाने एक एमबी यायला दोन मिनिटं लागतात. वायफायच्या काड्या पूर्ण असतात आणि पडद्यावर गोल फिरत राहतं. राउटर दहा वेळा बंद-चालू करण्याआधी कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक डेटा बघावा.

५जीचा अमर्याद डेटा ही आणखी एक गंमत. फोनमध्ये तो मिळतोय म्हणून तेच सिम उचलून ४जी राउटरमध्ये घातलं, तर बहुतेक प्लॅनमध्ये तिथे रोजचा ठरावीक कोटाच लागू होतो. राउटर ५जीचा नसेल तर त्याला ५जीचा डेटा कुठून मिळणार?

स्वस्तात मिळालेला डोंगल

जुन्या ३जी डोंगलमध्ये, म्हणजे सिम घालून यूएसबीला लावायच्या कांडीत, जिओचं सिम चालणार नाही. जिओला ३जी कधी नव्हतंच. २०१६ साली ते थेट ४जीवर आले. एअरटेलनेही २०२० मध्ये ३जी बंद केलं. जुनं यंत्र घेताना ते एखाद्या कंपनीला लॉक आहे का, हे दुकानातच आपलं सिम घालून तपासा.

नव्या राउटरवर रेंज दिसते पण नेट नाही, असं झालं तर एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटला जोडायला राउटरमध्ये भरायचं नाव, बघा. जिओला जिओनेट, बीएसएनएलला बीएसएनएलनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, अर्थात सगळं इंग्रजी अक्षरांत. सिमला पिन लावलेला असेल तरीही राउटर गप्प बसतो. पिन फोनमध्ये काढून टाका.

बाहेरचा अँटेना घेतलात तर दोन्ही तारा लावा. ४जी राउटर दोन अँटेनांच्या जोडीने काम करतो. एकच लावून "काही फरक नाही" म्हणणारे बरेच भेटतात. आणि एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की गच्चीवरच्या अँटेनाची तार काढून ठेवा.

काकांचा डेस्कटॉप

त्याला वायफायच नव्हतं. काकांनी नखाएवढा यूएसबी अडॅप्टर आणला आणि कॅबिनेटच्या मागे लावला. म्हणजे पुढे लोखंडी पेटी, मागे भिंत, आणि शेजारच्याच यूएसबी ३ सॉकेटमध्ये हार्ड डिस्क. यूएसबी ३ च्या तारांतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो. दीड मीटरच्या एक्स्टेन्शन वायरने अडॅप्टर टेबलावर आणला, झालं.

नेट आलं, तर ब्राउझर म्हणे कनेक्शन सुरक्षित नाही. एकही साइट उघडेना. काका माझ्याकडे संशयाने बघायला लागले. कोपऱ्यातली तारीख बघितली तर २०१० सालातली. मदरबोर्डवरचा बटण सेल मेला होता. तारीख चुकली की साइटची ओळख पटवणारी सुरक्षा प्रमाणपत्रं ब्राउझरला पटत नाहीत. सेल बदलला, तारीख लावली, सगळं उघडलं.

दोन कॉम्प्युटरना एकमेकांचे फोल्डर दिसत नसतील तर विंडोजने नेटवर्क 'पब्लिक' धरलेलं असतं. घरच्या वायफायपुरतं ते 'प्रायव्हेट' करा. एखादं यंत्र चुकून राउटरच्या गेस्ट (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या) नेटवर्कवर असेल तरीही ते बाकीच्यांना दिसत नाही. आणि कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तिथे टॉवरला शिव्या घालून उपयोग नाही.

फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडून त्या लॅपटॉपचा हॉटस्पॉट करणारेही आहेत. विंडोज १० आणि ११ मध्ये तो आठ यंत्रांपर्यंत चालतो. फक्त तो लॅपटॉप झोपला की घर झोपतं.

रात्री आठनंतर

सिग्नल उणे ९१, वायफाय उत्तम, कोटा शिल्लक, तरी रात्री आठ ते अकरा नेट सरपटतं. ही गर्दी आहे. एका टॉवरचा डेटा सगळ्या गल्लीत वाटला जातो. घरात काहीही बदललं तरी फरक पडत नाही. राउटर रीसेट तर मुळीच करू नका, एपीएनही जाईल. पाहुण्याच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम असेल तर त्याच वेळी, त्याच खिडकीत टेस्ट करून बघा. ते चांगलं निघालं तर कंपनी बदलण्यात अर्थ आहे. नाहीतर मोठी डाउनलोड पहाटेवर ढकला.

भाचा आता लेक्चरं पहाटे चारला डाउनलोडला लावतो. पहिल्या रात्री लॅपटॉप स्लीपमध्ये जाऊ नये ही सेटिंग करायला तो विसरला. सकाळी शून्य टक्के, आणि सात वाजता मला फोन: "मामा, नेट चालंना."