मुलानं डासांचं लिक्विड तोंडात घातलं तर उलटी करवू नका

प्लगला लावायच्या डासांच्या मशीनची रिफिल रांगत्या मुलाच्या हाती लागते आणि थेट तोंडात जाते. अशा वेळी घरातलं कुणीतरी घशात बोट घालायला किंवा मिठाचं पाणी पाजायला धावतं. तेच टाळायचं.

या रिफिलमध्ये ट्रान्सफ्लुथ्रिनसारखं औषध थोडंच असतं, बाकी बहुतेक भाग रॉकेलच्या जातीचा द्रव. तो पोटात असताना होतो त्यापेक्षा उलटीच्या ठसक्याबरोबर फुप्फुसात उतरला तर कितीतरी जास्त धोका; न्यूमोनिया होऊ शकतो.

१. मुलाला बसतं ठेवा. तोंडातलं उरलेलं ओल्या फडक्यानं पुसा, कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे बदला आणि अंग साबणानं धुवा.
२. दूध, तूप, लिंबूपाणी काही पाजू नका.
३. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राला १८०० ११६ ११७ वर फोन करा. हा टोल-फ्री नंबर आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा.
४. दवाखान्यात जाताना बाटली सोबत घ्या. लेबल आणि किती उरलंय, यावरून डॉक्टरांना पटकन अंदाज येतो.

खोकला, धाप, गुंगी किंवा झटके दिसले तर फोनवर वेळ घालवू नका, १०८ ला बोलवा. मूल हसतंखेळतं दिसलं तरी दाखवून आणाच, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.