माउंटन बाइकचे ब्रेक पॅड: ओरिजिनल की जेनेरिक?

आधी रोटरवर, म्हणजे पॅड ज्या धातूच्या चकतीला दाबतात तिच्यावर, काय कोरलंय ते वाचा. शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या काही स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ (फक्त रेझिनचे, म्हणजे मऊ पॅड) असतं. त्यावर सिंटर्ड, म्हणजे मेटल पॅड घातले तर रोटर भराभर झिजतो, मग पॅड ओरिजिनल का असेना. पाकिटावर मटेरियल लिहिलेलंच नसेल तर ते घेऊ नका.

जेनेरिक पॅड जुन्या पॅडवर ठेवून बघा. पिनचं भोक आणि कडा तंतोतंत जुळायला हव्यात. कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड बसतात त्या ब्रेकच्या भागात, तो बोटाने सहज सरकला पाहिजे. अडकला तर लिव्हर सोडल्यावरही रोटरला घासत राहील. लायनिंग (रोटरला घासणारा थर) आणि त्यामागचा पत्रा यांच्यात केसाएवढी फट दिसली तरी तो पॅड बाद करा, कारण तापल्यावर लायनिंग सुटतं आणि ऐन उतारावर ब्रेक जातो.

शहरातल्या रोजच्या फिरण्याला नावाजलेल्या ब्रँडचे जेनेरिक रेझिन पॅड पुरतात. सह्याद्रीत पावसाळी चिखलात, लांब घाट उतरायचा असेल आणि रोटरला सिंटर्ड पॅड चालत असतील, तर आमची पसंती ओरिजिनल सिंटर्डला. इथे पैसे वाचवू नयेत.

शिमानोचं लायनिंग ०.५ मिमी उरलं की पॅड बदला. नवे पॅड घालताना रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लायनिंगला बोट लावू नका. मग नवे पॅड रोटरवर नीट बसावेत म्हणून मध्यम वेगातून वीसेक वेळा, चाक लॉक न करता, ब्रेक दाबत वेग कमी करा.