ऑनलाइन फॅमिली थेरपिस्ट ठरवण्याआधी

प्रोफाइलवर ‘फॅमिली’ हा शब्द दिसला म्हणून लगेच पैसे भरू नका. एकेका माणसाशी बोलणं आणि भांडणाऱ्या चौघांना एकत्र सांभाळणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या फोनवरच विचारा: कुटुंबासोबत काम करण्याचं प्रशिक्षण कुठे घेतलं, नोंदणी कुणाकडे आहे, आणि आपण राहतो तिथल्या लोकांना सेवा द्यायची परवानगी आहे का? उत्तर देताना चिडणारा थेरपिस्ट सोडून द्या.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र बहुतेकांना सुचतच नाही. घरातल्या एकाने थेरपिस्टला खासगीत काही सांगितलं, तर ते बाकीच्यांपासून लपवलं जाणार का? काहीजण लपवतात, काही आधीच बजावतात की गुपितं ठेवणार नाही. दोन्ही चालतं, पण नियम आधीच ठरलेला हवा.

सेशन साधारण 50 ते 90 मिनिटांचं असतं. एकाच लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसलात, तर कडेला बसलेल्याचा अर्धा चेहरा फ्रेमबाहेर जातो, आणि नेमका तोच गप्प असतो. थेरपिस्टला सगळे चेहरे दिसायला हवेत. वेगवेगळ्या खोल्यांतून जोडलात, तर हेडफोन लावा, नाहीतर आवाज घुमतो. नेट गेलं तर पुढे काय, हेही आधी ठरवा.

घरात मारहाण किंवा धाक असेल, तर एकत्र सेशन घेऊ नका. तिथे बोललेल्याचा वचपा कॉल संपल्यावर निघू शकतो. आधी थेरपिस्टशी एकट्याने, सुरक्षित जागेवरून बोला.